राग कुणाला परवडतो

गुरुवार होता, १८ ऑगस्ट २०२२. दुसऱ्या दिवशी दहीहंडी, त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी पोरं स्पीकर लावून बघत होती आणि मध्येच आमच्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या. बारावीसाठी माझ्याकडे राहायला आलेला भाचा जेवणाचं ताट घेऊनच टीव्हीसमोर बसला होता. ‘शी-हल्क: ॲटर्नी ॲट लॉ’ या नव्या मालिकेचा पहिला भाग त्या दिवशी हॉटस्टारवर आला होता. सुपरहिरो हा काही माझा प्रांत नाही. पण नायिका वकील आहे असं त्याने सांगितलं, म्हणून सोमवारच्या तारखेची फाइल मांडीवर घेऊन मीही शेजारी बसले.

जेनिफर वॉल्टर्स लॉस एंजेलिसला सरकारी वकील असते. चिडला की हिरवा राक्षस होणारा हल्क, म्हणजे ब्रूस बॅनर, हा तिचा भाऊ. इंग्रजीत नुसतं कझिन म्हटलं की भागतं, पण कॉमिक्सची वंशावळ काढली तर तो तिचा मामेभाऊ. गाडीला अपघात होतो, त्याचं रक्त तिच्या जखमेत जातं आणि तीही हिरवी होऊ लागते. मग ब्रूस तिला समुद्रकाठच्या घरी नेऊन शिकवणी सुरू करतो. राग आवरायला त्याला पंधरा वर्षं लागली, तुलाही वेळ लागेल, असं त्याचं म्हणणं. त्यावर ती सांगते की राग आवरणं हे मी रोजच करते. रस्त्यात कुणी काही बोललं तेव्हा, माझ्याच विषयातलं मला कुणी अडाणी माणूस समजावायला लागला तेव्हा. नाही आवरला तर मी भावनाप्रधान, भांडखोर. कधी कधी तर जिवावरच बेतायचं.

मी फाइल मिटली.

भाचा मात्र वैतागला. ‘‘हल्कने पंधरा वर्षं काढली आणि हिला एका दिवसात जमलं? असं कसं चालेल, मावशी?’’ त्या आठवड्यात जगभरचे कितीतरी चाहते हेच म्हणत होते. हल्कचं दुःख यांनी हलकं करून टाकलं, ही तक्रार सगळ्यात मोठी होती. तिच्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. हल्क लहानपणापासून पाहिलेल्या पोराला ते लागणारच. पण मी बावीस वर्षं वकिली केली आहे आणि तिचं वाक्य मला माझ्याच अंगातून निघाल्यासारखं वाटलं.

सुरुवातीच्या वर्षांत अशील यायचे, माझ्यासमोर बसायचे आणि विचारायचे, ‘‘ताई, वकीलसाहेब कधी येतील?’’ अंगावर काळा कोट, गळ्यात पांढरा बँड, टेबलावर माझ्या नावाची पाटी. तरी साहेब कधी येतील. एकदा उलटतपासणीत साक्षीदार सरळ खोटं बोलत होता आणि माझा आवाज जरा चढला. समोरचे वकील हसून म्हणाले, ‘‘मॅडम, चिडू नका, तब्येतीला बरं नाही.’’ अख्खं कोर्ट हसलं. त्याच वकिलांनी त्याच दुपारी टेबलावर हात आपटून युक्तिवाद केला, तेव्हा बाररूममध्ये ‘आज साहेब पेटले होते’ असं कौतुक झालं. त्या दिवसापासून मी एक करते. राग आला की हातातल्या कागदाचा खालचा कोपरा दुमडते. अंगठ्याने दाबून, नखाने घडी पक्की करून. समोरच्याला दिसत नाही, आवाज होत नाही, रोजनाम्यात नोंद होत नाही.

ही शी-हल्क जन्माला कशी आली ते भाच्याने मला सांगितलं आणि मग मी स्वतःही शोधून वाचलं. तिचं पहिलं कॉमिक १९८० चं. लेखन स्टॅन ली यांचं, चित्रं जॉन बुसेमा यांची. त्या वेळी सीबीएसवर हल्कची मालिका जोरात चालू होती. ‘सिक्स मिलियन डॉलर मॅन’ मालिकेतून टीव्हीवाल्यांनी ‘बायोनिक वुमन’ काढली होती. तशीच त्यांनी आपल्याआधी बाई-हल्क काढली तर तिचे हक्क त्यांच्याकडे जातील, या धास्तीने हल्कची कॉमिक्स काढणाऱ्या मार्व्हल कंपनीने घाईघाईने तिला छापून टाकलं. कुणालाच तिची गोष्ट सांगायची नव्हती, मालकी तेवढी हवी होती. तिला स्वतःचा आवाज मिळाला तो पुढे १९८९ मध्ये, जॉन बर्न यांच्या हातून. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर ती थेट वाचकाला दम देते की माझा अंक घेतला नाहीस तर घरी येऊन तुझी एक्स-मेनची कॉमिक्स फाडीन. तेव्हापासून ती चौकटीतून बाहेर बघून बोलते. टीव्हीवरची जेनही कॅमेऱ्याकडे वळून आपल्याशी बोलते, ते तिथून आलं आहे.

मालिकेतलं मला सगळ्यात झोंबलं ते तिच्या नव्या नोकरीचं प्रकरण. एक मोठी लॉ फर्म तिला अतिमानवी खटल्यांच्या विभागाची प्रमुख नेमते. फर्मच्या नावात गुडमन, लीबर, कर्ट्झबर्ग आहेत. मार्व्हलच्या जुन्या प्रकाशकाचं आडनाव गुडमन, आणि लीबर व कर्ट्झबर्ग ही स्टॅन ली आणि कॉमिक्सचे चित्रकार जॅक कर्बी यांची खरी आडनावं. हे भाच्याने टीव्ही थांबवून सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा किती खुलला होता! पण नोकरीची अट अशी की कामावर जेन म्हणून यायचं नाही, शी-हल्क म्हणून यायचं. पदवी जेनची, रात्री जागून केलेला अभ्यास जेनचा, खुर्ची मात्र त्या उंच हिरव्या देहाला. मला आमच्या नाशकात १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी आठवल्या. त्यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडली १९२२ मध्ये. आपल्याकडे बायकांना वकिलीची दारं उघडणारा कायदा आला तो १९२३ मध्ये. मधली तीस वर्षं त्या बाईंनी आपला राग कुठे ठेवला असेल?

तिसरा भाग १ सप्टेंबरला आला. ऋषिपंचमी होती. सकाळपासून घरात ऋषीच्या भाजीची तयारी, अळूची देठं सोलून बोटं खाजत होती. संध्याकाळी शेजारच्यांचा दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो आणि मग बसलो. त्या भागात जेनबद्दल लोक काय काय बोलतात याची एक माळच दाखवली आहे. हल्कचं पुरुषत्व काढून बाईला दिलं, आता काय सगळे हिरो बायकाच होणार, असली वाक्यं. भाच्याने फोन उघडला आणि तो गप्प झाला. चाहते खरोखर जे लिहीत होते ते आणि पडद्यावरचं, शब्दाला शब्द जुळत होतं. पडद्यावरचं तर मालिका प्रदर्शित व्हायच्या कितीतरी आधी लिहून, चित्रित करून झालेलं.

लेखकांना हे आधीच कसं कळलं? प्रमुख लेखिका जेसिका गाओ. त्या ‘रिक अँड मॉर्टी’ या कार्टून मालिकेच्या लेखनात होत्या. ज्या भागाला पुढे एमी पुरस्कार मिळाला, तो त्यांनी लिहिलेला. पण २०१७ मध्ये त्या मालिकेच्या काही चाहत्यांनी, लेखकांच्या खोलीत बायका आल्याच कशा, म्हणून त्यांना आणि त्यांच्या सहकारी लेखिकांना छळलं होतं. त्यांची खाजगी माहिती उघड्यावर टाकली होती. म्हणजे गाओबाईंना हे अंगावर झेलून माहीत होतं. शी-हल्कच्या त्या तिसऱ्या भागाच्या शेवटी जेन तिच्या अशिलाबरोबर, मेगन दी स्टॅलियन या गायिकेबरोबर, ऑफिसात नाचते. अर्ध्या मिनिटाचा तो नाच. त्यावर जे वादळ उठलं, ते पाहून वाटलं की बाईने हसावं, नाचावं आणि कुणाची परवानगी मागू नये, हेच लोकांना सोसत नाही.

तरीही मला एक सांगायलाच हवं, नाहीतर मी भाच्यावर अन्याय करीन. त्या रात्री टीव्ही बंद केल्यावर त्याने विचारलं, ‘‘मावशी, मी त्यांच्यातला नाही ना?’’

त्याच्या तक्रारी वेगळ्या होत्या. मे महिन्यात झलक आली तेव्हापासून तो म्हणत होता की तिचा हिरवा चेहरा मानेवर बसवल्यासारखा दिसतो. ते खरंच होतं. त्याच उन्हाळ्यात ग्राफिक्सचं काम करणाऱ्या कलाकारांनी कामाच्या असह्य ताणाबद्दल उघड बोलायला सुरुवात केली होती. मुख्य अभिनेत्री तातियाना मास्लानी आणि गाओ दोघींनीही त्यांचीच बाजू घेतली. माझीही एक तक्रार होती. वकिलाच्या मालिकेत कोर्टाचे प्रसंग इतके घाईत का उरकता? साक्षीदार आला, दोन विनोद झाले, निकाल लागला. चौथ्या भागातली मॅडिसिन ही साक्षीदार मात्र आम्हा दोघांना इतकी आवडली की वाँग हा गंभीर जादूगार आणि ती सोफ्यावर बसून टीव्ही बघतात तो तुकडा आम्ही तीनदा पाहिला.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. समोरचा काय बोलणार ते आपणच आधी मांडायचं आणि खोडून टाकायचं. ती लागू पडते. पण मालिकेने टीकाकारांना आधीच खलनायक करून ठेवलं, तेव्हा प्रामाणिकपणे नापसंती सांगणाऱ्या पोरांची तोंडं त्यात बंद झाली. जेनची बाजू माझी बाजू आहे, तरी हे मला पटलं नाही. मी त्याला सांगितलं, ‘‘तू तिच्या चेहऱ्याच्या रंगाबद्दल बोलतोस. ते ती इथे आलीच कशी, म्हणून भांडतात. तू त्यांच्यातला नाहीस.’’ त्याला ते पुरेसं वाटलं की नाही, कोण जाणे.

कारण त्याचं दुखणं जरा खोल होतं. आपण ज्याच्यावर जीव टाकतो त्याची थट्टा झाली की चारचौघांत आपलीच थट्टा झाल्यासारखी वाटते. हे दुखणं जुनंच आहे. १२ जानेवारी १९६६ ला अमेरिकेत एबीसीवर ‘बॅटमॅन’ सुरू झाली. ॲडम वेस्ट अत्यंत गंभीर चेहऱ्याने हास्यास्पद गोष्टी करायचे, मारामारीत पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘पॉव’ उमटायचं. लोक वेडे झाले. १६ मार्चला जेमिनी ८ यान अंतराळात गरगरू लागलं, नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांचे प्राण पणाला लागले होते, म्हणून एबीसीने बातमीसाठी ‘बॅटमॅन’ मध्येच थांबवली. तर आमची मालिका का तोडली, म्हणून प्रेक्षकांनी फोन करकरून तक्रारी केल्या! पण ज्यांनी बॅटमॅनला मनापासून वाचला होता, त्यांना पुढची कित्येक वर्षं त्या ‘पॉव’ची चीड होती. मोठ्या वयात कॉमिक्स वाचणाऱ्यावर जग आधीच हसत होतं. मालिकेने त्या हसण्याला एक सूर दिला.

आपल्याकडे ‘शक्तिमान’ लागायचं तेव्हा मी कॉलेजात होते आणि धाकट्या भावंडांबरोबर बघायचे. त्यातला गंगाधर, ते पुढे आलेले दात, तो चष्मा, त्यावर घरभर हसायचे. कुणाला वाईट वाटलं नाही, कारण हसू गंगाधरचं होतं. शक्तिमानचं कधीच नाही. त्याने गिरकी घेतली की सगळे गप्प. शी-हल्कमध्ये अशी वाटणी नाही. जी हसवते तीच लढते, जी लढते तीच डेटवर जाऊन फसते.

मला यात काही नवल वाटत नाही, ते बहुधा मी वाढले त्या मातीमुळे. तमाशाच्या गवळणीत मावशी कृष्णाची फिरकी घेते आणि समोरचे प्रेक्षक सकाळी त्याच कृष्णाला हात जोडून आलेले असतात. जनाबाई तर विठोबाला ‘विठ्या’ म्हणून शिव्या घालते. तिच्या भक्तीत त्याने उणेपणा आला असं सातशे वर्षांत कुणी म्हटलं नाही. भाच्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, ‘‘पण ती देवाला बोलते ना? इथे देवच स्वतःची थट्टा करतोय.’’ पोरगा विचार करतो याचा मला आनंद झाला.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी, ६ ऑक्टोबरला, आठवा भाग आला. त्या भागात डेअरडेव्हिल हा मार्व्हलचाच दुसरा सुपरहिरो आला. २०१५ ते २०१८ या काळात त्याची स्वतःची मालिका नेटफ्लिक्सवर होती, अंधारी, रक्ताळलेली, गंभीर. भाच्याने तिचे तिन्ही सीझन पाठ केले होते. इथे तोच डेअरडेव्हिल जेनबरोबर रात्र काढतो आणि सकाळी पूर्ण पोशाखात, बूट हातात धरून, अनवाणी तिच्या घरून निघतो. भाचा अर्धा हसत होता, अर्धा दुखावला होता. पुढचे चार दिवस त्याचा फोन या एकाच विषयाने भरून गेला. डेअरडेव्हिलचा अपमान झाला की नाही, तो असा हसरा असू शकतो की नाही, त्याच्या पोशाखाला पिवळा रंग का.

त्याच भागात आणखी एक प्रसंग आहे. वर्षातली उत्तम स्त्री वकील म्हणून जेनचा सत्कार चालू असतो. आईवडील समोर बसलेले. ती बोलायला उभी राहते आणि मागच्या मोठ्या पडद्यावर तिची खाजगी चित्रफीत सुरू होते. जिच्याशी गोड वागून विश्वास मिळवला, तिचंच त्या माणसाने चोरून केलेलं चित्रण. तिचा द्वेष करणाऱ्यांच्या टोळीने ते सगळ्यांसमोर लावलेलं असतं. आणि पहिल्या भागापासून राग गिळत आलेली ही बाई फुटते. पडदा फोडते, भिंत फोडते, एकाला धरून उचलते. बाहेर बंदुका रोखलेले लोक उभे. ज्यांनी तिला नागवलं ते पळतात आणि बेड्या तिला पडतात. पुढच्या भागात तिची नोकरी जाते, ती आईवडिलांच्या घरी राहायला येते.

मी टीव्हीवर असं खूप पाहिलं आहे, पण त्या रात्री माझे हात गार पडले होते. माझ्याकडे अशा दोन मुली आल्या आहेत. त्यांच्या तक्रारी मी स्वतः लिहिल्या आहेत. एकीला समोरच्या वकिलाने कोर्टात विचारलं होतं, ‘‘तू एवढी का चिडतेस?’’

मी भाच्याच्या फोनवर शोधत राहिले. डेअरडेव्हिलच्या बुटांबद्दल बोलणारे इतके लोक, आणि त्या पडद्याबद्दल कुणी बोलत का नाही? काही जणी बोलत होत्या, नाही असं नाही. पण त्यांचा आवाज तळाशी होता. मला तेव्हा कळलं की मला इतके दिवस काय टोचत होतं. चाहत्यांचा राग किती सहज बाहेर पडतो! एक तारा दिला, चार शिव्या लिहिल्या, जेवायला बसले. त्या रागाची किंमत त्यांना मोजावी लागत नाही. जेन मात्र एकदा चिडली आणि तिचं सगळं गेलं. इतकी उघड गोष्ट मालिका सांगत होती आणि ती ऐकायला थांबायची कुणाला फुरसत नव्हती.

१३ ऑक्टोबरला शेवटचा भाग. त्याचं नावच असं की ‘हा कार्यक्रम आहे कुणाचा?’ सगळे खलनायक आणि सगळे नायक एका खोलीत घुसून नेहमीची मारामारी सुरू होते, आणि जेन कंटाळून मालिकेतूनच बाहेर पडते. डिस्नेच्या ॲपवर मालिकांची यादी दिसते त्या पडद्यावर येते, तिथून लेखकांच्या खोलीत शिरते, तिथून सगळं ठरवणाऱ्या केविन नावाच्या यंत्रासमोर जाऊन उभी राहते. मार्व्हलचे प्रमुख केव्हिन फायगी, त्यांच्यावरून ते नाव. तिथे ती वकिलासारखी आपली बाजू मांडते. माझ्या गोष्टीचा शेवट माझ्या आयुष्याबद्दल हवा. त्या टोळीच्या म्होरक्याला माझं रक्त टोचून हल्क करू नका. ब्रूसला मला वाचवायला पाठवू नका. आणि हे सगळं दिवसाउजेडी घडू द्या. मग उजेड पडतो, तो माणूस पकडला जातो आणि ती त्याला सांगते, कोर्टात भेटू.

बरेच चाहते या शेवटावर संतापले. लढाई नाही, शेवट नाही, नुसता चावटपणा, असं म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भिंती फोडून काही झालं नव्हतं. पण जो लिहितो त्याच्या दारात जाऊन, नाव घेऊन, हिशेब मागून झालं. जनाबाई हेच करते. भाचा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘‘डेअरडेव्हिलला परत आणलं ते बरं केलं.’’ मग म्हणाला, ‘‘कोर्टात भेटू, हे पण भारी होतं.’’

पुढचा सीझन काही आला नाही. त्या दिवाळीच्या आधी मी माळा आवरायला काढला. निकाली निघालेल्या फाइलींचे गठ्ठे भाचा वरून खाली देत होता आणि मी धूळ झटकून लावत होते. एक गठ्ठा सुटला, कागद पसरले. तो गोळा करता करता म्हणाला, ‘‘उंदीर लागलेत का गं? सगळे कोपरे दुमडलेत.’’

मी सांगितलं कसले कोपरे ते.

तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. एक एक पान उलटून बघायला लागला. काही पानं सरळ होती, काहींचा कोपरा किंचित मुडपलेला, काहींची घडी इतकी पक्की की कागद तिथे चिरला होता. धुळीने त्याची बोटं काळी झाली होती. एका पानावर तो थांबला.

‘‘याचे दोन्ही कोपरे दुमडलेत,’’ तो म्हणाला. ‘‘त्या दिवशी काय झालं होतं?’’

मी हातातलं फडकं बाजूला ठेवलं, स्टूल ओढलं आणि सांगायला लागले.